एकाच पंपावर चालणारं हृदय: स्टेंट की शंट, आणि त्यापुढचं सगळं

प्रश्न ऐरोलीहून बाळाच्या मामांनी विचारला आहे. मजकूर मोठा होता, त्याचा गोषवारा असा: भाची अकरा दिवसांची, वजन २.८ किलो. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी ओठ आणि नखं निळी पडली, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, ६८ वर आलं, म्हणून ठाण्यातल्या एका एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हलवलं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निदान झालं ट्रायकस्पिड अट्रेसिया आणि सोबत पल्मनरी अट्रेसिया. प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप चालू आहे, सॅच्युरेशन ८० ते ८४. एक डॉक्टर डक्ट नावाच्या छोट्या वाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकू म्हणतात; दुसरे शंटचं, म्हणजे फुप्फुसांकडे रक्ताची नवी वाट जोडायचं, ऑपरेशन सुचवतात. आजोबांचं म्हणणं, पोर जरा मोठी होऊ द्या, मग एकदाच काय ते करा. शेजारच्या बाळाचं एका ऑपरेशनमध्ये झालं, मग हिला तीन का? खर्चाचं काय, पुढे आयुष्य कसं, आणि बहिणीचं पुढचं मूल असंच होईल का?

मी ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात गेली बरीच वर्षं लहान मुलांच्या हृदयाचं काम करते. तुमच्या भाचीला मी तपासलेलं नाही, तिचा इको पाहिलेला नाही. त्यामुळे अंतिम निर्णय तिथल्या टीमचाच. पण टीमशी बोलताना काय विचारायचं आणि ते जे सांगतील त्याचा अर्थ काय, एवढं मी नक्की सांगू शकते.

आजोबांच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण घरातली बोलणी तिथेच अडलेली दिसतात. या बाळाच्या बाबतीत थांबता येत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूला वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जायची जी झडप असते, ती हिच्यात तयारच झालेली नाही; हा ट्रायकस्पिड अट्रेसिया. त्यामुळे उजवा खालचा कप्पा वाढलेला नाही. शरीरातून परत आलेलं अशुद्ध रक्त वरच्या पडद्यातल्या भोकातून डावीकडे जातं, शुद्ध रक्तात मिसळतं, आणि डावा कप्पा ते मिश्रण अंगभर पाठवतो. हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी वाटही बंद आहे; हा पल्मनरी अट्रेसिया. मग फुप्फुसांना रक्त मिळतं कुठून? डक्टमधून. डक्ट म्हणजे महारोहिणी (हृदयातून शरीराकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी) आणि फुप्फुसाची रोहिणी यांना जोडणारी छोटी वाहिनी. आईच्या पोटात ती प्रत्येक बाळाला असते आणि जन्मानंतर दोन-तीन दिवसांत आपोआप मिटते. इतरांच्या बाबतीत ती मिटणं चांगलं. हिच्या बाबतीत ती मिटू लागली आणि बाळ निळं पडलं. ड्रिपमधलं प्रोस्टाग्लँडिन ती उघडी ठेवतंय. ड्रिप काढलं तर डक्ट मिटेल आणि फुप्फुसांना रक्त मिळणार नाही. आजोबांना हे एवढंच सांगा, त्यांना पटेल.

आता आकड्याबद्दल. ऑक्सिजन असूनही सॅच्युरेशन ९५ का होत नाही, असं तुम्ही दोनदा विचारलं आहे. ते व्हायला नकोच आहे. इथे पंप एक आणि त्याच्या वाटा दोन: एक शरीराकडे, एक फुप्फुसांकडे. ७५ ते ८५ च्या दरम्यान आकडा असतो तेव्हा दोन्हीकडे साधारण सारखं रक्त जात असतं. आकडा ९५ झाला तर त्याचा अर्थ फुप्फुसांत रक्ताचा पूर आलाय आणि किडनी, आतडी उपाशी राहतायत. जास्त ऑक्सिजनने फुप्फुसांच्या वाहिन्या सैलावतात आणि रक्त तिकडेच ओढलं जातं. त्यामुळे नर्सला ऑक्सिजन वाढवायचा आग्रह करू नका. बाळ गुलाबी दिसावं ही घरच्यांची इच्छा मला समजते, पण लघवी नीट होणं, हातपाय उबदार असणं आणि रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल) कमी असणं, या तीन गोष्टी सध्या मॉनिटरवरच्या आकड्याहून जास्त मोलाच्या.

प्रोस्टाग्लँडिनने जीव वाचतो, पण ते फार दिवस चालवायचं औषध नाही. काही बाळं त्यामुळे मधेच श्वास घ्यायचं विसरतात, विशेषतः कमी वजनाची. ताप येतो, रक्तदाब उतरतो. औषध शरीरात काही मिनिटंच टिकतं, म्हणून ते सोडणाऱ्या सिरिंज पंपातली सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून तयार लागते. दुसऱ्या हॉस्पिटलला हलवायचं ठरलं तर हे खास पाहा: सिरिंज पंप बॅटरीवर चालतो का, दोन वेगळ्या ठिकाणी सुया आहेत का, सोबत बाळाला श्वासनळीत नळी घालू शकणारा डॉक्टर आहे का. घोडबंदर रोडवर किंवा सायन-पनवेल हायवेवर अडकल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नसतो.

जाता जाता एक गोष्ट. जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला प्रोब लावून सॅच्युरेशन बघायची साधी चाचणी आहे. दोन्ही ९५ किंवा जास्त आणि दोघांत तीनपेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. ९० च्या खाली असेल तर लगेच तपास. पाच मिनिटांचं काम आहे, पण अजून कितीतरी छोट्या प्रसूतिगृहांत ते होत नाही. तुमच्या ओळखीत कुणी बाळंतीण असेल तर मागून घ्या. या चाचणीत सगळे दोष सापडत नाहीत, पण डक्टवर जगणारी बरीच बाळं घरी जाण्याआधी पकडता येतात.

शेजारच्या बाळाचं एका ऑपरेशनमध्ये आटोपलं, कारण बहुधा त्याचे दोन्ही पंप शाबूत होते. गुंतागुंतीचे हृदयदोष म्हटलं की सगळी बाळं एका रांगेत उभी केली जातात, पण उपचाराची दिशा ठरवणारा पहिला प्रश्न हाच असतो: दोन पंपांचं हृदय बनवता येईल की एकाच पंपावर निभवावं लागेल? महारोहिणी आणि फुप्फुसाची रोहिणी उलटसुलट जागी निघाल्या असतील, म्हणजे ट्रान्सपोझिशन, तर त्या कापून जागा बदलण्याचं ऑपरेशन करतात. ब्राझीलमध्ये अदिब जातेने यांनी ते १९७५ मध्ये पहिल्यांदा यशस्वी केलं. दोन्ही पंप चांगले असतात, म्हणून एका ऑपरेशनमध्ये हृदय जवळपास सरळ होतं. पण तिथे वेळ फार कडक. साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करावं लागतं, कारण डाव्या कप्प्याला कमी दाबाची सवय झाली की तो दुबळा होत जातो आणि मग शरीराचा भार पेलत नाही. फुप्फुसांतून येणाऱ्या शिरा भलतीकडे जोडलेल्या आणि त्यात अडकलेल्या असतील तर काही तासांत ऑपरेशन लागतं, आणि तिथे प्रोस्टाग्लँडिन कामाला येत नाही. फॅलोज टेट्रालॉजी या निळं पाडणाऱ्या दुसऱ्या दोषात मात्र बरीच बाळं सहा महिने ते वर्षापर्यंत थांबू शकतात. तेव्हा शेजाऱ्यांशी तुलना करून कुणावर रागावू नका.

ट्रायकस्पिड अट्रेसियातही सगळ्यांचा मार्ग एक नसतो. फुप्फुसांना जेमतेम रक्त जाणारं बाळ तुमच्या भाचीसारखं, डक्टवर अवलंबून. दुसरं बाळ असं असतं की फुप्फुसांची वाट अरुंद, पण पुरेशी उघडी. त्याला जन्मतः काहीच करावं लागत नाही, पुढच्या टप्प्यापर्यंत फक्त लक्ष ठेवायचं. तिसऱ्या बाळाला वाट मोकळीच असते. फुप्फुसांत बदाबदा रक्त जातं, बाळ दिसायला छान गुलाबी, पण धापा टाकतं, दूध पिताना कपाळावर घाम येतो, बाळसं धरत नाही. त्याच्या फुप्फुसाच्या रोहिणीभोवती पट्टी आवळून रक्त कमी करावं लागतं. एकच निदान, आणि एकाला रक्त वाढवायचं, दुसऱ्याला कमी करायचं, तिसऱ्याला हात लावायचा नाही. तिन्हींचा उद्देश मात्र सारखा: फुप्फुसांच्या रोहिण्या नीट वाढाव्यात, त्यांच्यातला दाब चढू नये आणि एकुलता पंप दमू नये. कारण पुढची दोन्ही ऑपरेशनं या तीन गोष्टींवरच उभी राहतात. आज काय करायचं याचा निर्णय सहा महिन्यांनंतर काय करता येईल यावरून घ्यायचा असतो. स्टेंट की शंट, हा तुमचा प्रश्नही याच मापाने मोजा.

शंटची गोष्ट जुनी आहे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अशा एका निळ्या बाळावर पहिलं ऑपरेशन झालं. कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञांची, प्रयोगशाळेतली सगळी तयारी व्हिव्हियन थॉमस यांची, आणि ऑपरेशन अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी केलं. थॉमस कृष्णवर्णीय होते, डॉक्टरची पदवी नव्हती. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी ते ब्लेलॉक यांच्या मागे उभं राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होते, आणि त्यांचं नाव ऑपरेशनला जोडायला जगाला कितीतरी दशकं लागली. तेव्हा हाताकडे जाणारी रोहिणीच वळवून फुप्फुसाच्या रोहिणीला जोडायचे. आता मधे गोर-टेक्सची, म्हणजे एका कृत्रिम पदार्थाची, नळी शिवतात. तीन किलोच्या आसपासच्या बाळाला बहुधा ३.५ मिलिमीटरची.

शंटचा फायदा असा की रक्ताची वाट सर्जनच्या हातात असते. फुप्फुसाची रोहिणी कुठे अरुंद असेल तर त्याच वेळी ठिगळ लावून ती रुंद करता येते. तोटा असा की छाती उघडावी लागते, आणि नळी बाळाबरोबर मोठी होत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाच्या मानाने ती मोठी पडू शकते. तेव्हा शरीराचं रक्त फुप्फुसांकडे पळतं, खालचा रक्तदाब कोसळतो आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांनाच रक्त कमी पडतं. नंतर कधीही नळीत गुठळी होऊ शकते. शंटचं ऑपरेशन ऐकायला लहान वाटतं, तांत्रिकदृष्ट्या फॉन्टन या शेवटच्या टप्प्याच्या ऑपरेशनपेक्षा सोपंही, पण त्यानंतरचे पहिले ४८ तास आयसीयूची खरी परीक्षा घेतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘छोटंच ऑपरेशन आहे’ असं सांगून नातेवाइकांना धीर देण्याची पद्धत मला आवडत नाही.

स्टेंट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, टाकतात, मांडीच्या किंवा मानेच्या, कधी काखेजवळच्या रक्तवाहिनीतून. वापरतात तो स्टेंट बहुतेक वेळा आजोबांच्या वयाच्या माणसाच्या हृदयवाहिनीसाठी बनवलेलाच असतो, ३.५ ते ४ मिलिमीटरचा. छाती उघडावी लागत नाही, आयसीयूतला मुक्काम सहसा कमी, आणि पुढच्या ऑपरेशनला छाती आतून चिकटलेली नसते. गेल्या काही वर्षांत जगभर, आपल्याकडेही, स्टेंटचं प्रमाण वाढलंय आणि योग्य बाळ निवडलं तर निकाल शंटच्या तोडीचे येतात. पण डक्टचा आकार बघावा लागतो. पल्मनरी अट्रेसियात डक्ट बऱ्याचदा वाकडातिकडा, नागमोडी असतो. शिवाय तो जिथे फुप्फुसाच्या डाव्या रोहिणीला मिळतो तिथे रोहिणी आकसत जाण्याची शक्यता असते. स्टेंट अपुऱ्या लांबीचा पडला तर उरलेला डक्ट मिटतो, जास्त लांब पडला तर एका बाजूच्या फुप्फुसाच्या तोंडावर जाळी येते. आणि काही महिन्यांत स्टेंटच्या आत अस्तर वाढून तो अरुंद होतो. त्यामुळे ‘स्टेंट टाकला, आता वर्षभर निवांत’ असं नसतं.

माझं मत विचाराल तर असं: डक्ट आखूड आणि सरळ असेल, दोन्ही फुप्फुसांच्या रोहिण्या जिथे जोडल्या आहेत ती जागा रुंद असेल, आणि ती टीम नवजात बाळांत हे काम नेहमी करत असेल, तर स्टेंट. डक्ट पिळवटलेला असेल किंवा डावी रोहिणी आधीच आकसलेली दिसत असेल तर शंट आणि सोबत ठिगळ. हे ठरवायला इको पुरत नसेल तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करतात. तिला घाबरू नका, काही सेकंदांत होते. दोन डॉक्टरांत मतभेद दिसतोय म्हणजे कुणीतरी चुकतंय असं धरू नका. दोघांनी बहुधा एकच डक्ट दोन वेगळ्या हातांच्या सवयीतून पाहिलाय. दोघांना एकत्र बसवून विचारा: डाव्या रोहिणीचं तोंड किती मिलिमीटर आहे? स्टेंट नीट बसला नाही तर त्याच दिवशी सर्जन तयार असतील का? आणि वरच्या पडद्यातलं भोक पुरेसं मोठं आहे का, की फुग्याने मोठं करावं लागेल? हा तिसरा प्रश्न बरेच जण विसरतात. ट्रायकस्पिड अट्रेसियात सगळं रक्त त्याच भोकातून जातं, ते लहान राहिलं तर बाकीचं सगळं नीट करूनही यकृत सुजत राहतं.

एकदाच पूर्ण ऑपरेशन का नाही, याचं उत्तर पुढच्या दोन टप्प्यांत आहे. एक पंप शरीरासाठी राखून ठेवायचा आणि अशुद्ध रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसांत सोडायचं, ही मूळ युक्ती. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ग्लेनच्या ऑपरेशनमध्ये, डोकं आणि हातांकडून येणारी मोठी शीर हृदयापासून सोडवून फुप्फुसाच्या रोहिणीला जोडतात. तिसऱ्यात, फॉन्टनमध्ये, पायांकडून आणि पोटाकडून येणारी शीरही एका नळीने तिथेच नेतात. पंपाशिवाय रक्त कसं जाईल? तुमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीतून पाणी मोटर बंद असतानाही खालच्या मजल्यावर येतं, तसं. उतार हवा आणि पाइप मोकळा हवा. पाइप तुंबला किंवा खालून दाब आला की पाणी थांबलं. नवजात बाळाच्या फुप्फुसांत हा खालचा दाब जन्मतः जास्त असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. म्हणून ग्लेन जन्मल्याबरोबर करता येत नाही. साधारण चार ते सहा महिन्यांत करतात, आपल्याकडे वजन आणि ऑपरेशनची प्रतीक्षायादी पाहून कधी थोडं उशिरा. आणि दोन्ही शिरा एकदम वळवल्या तर लहान बाळाचं शरीर ते झेपवत नाही, म्हणून फॉन्टन साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात. विल्यम ग्लेन यांनी आपलं ऑपरेशन १९५८ मध्ये प्रसिद्ध केलं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या फ्रान्सिस फॉन्टन यांनी १९६८ मध्ये पहिल्यांदा हा शेवटचा टप्पा केला, तोही ट्रायकस्पिड अट्रेसियासाठीच.

एकपंपी हृदयांत तुमच्या भाचीची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे, हे सांगायला हवं. तिचा उरलेला पंप डावा आहे, म्हणजे आयुष्यभर शरीराचा भार वाहायला मुळातच घडवलेला. ज्यांची डावी बाजू खुरटलेली असते त्यांचा सगळा भार उजव्या कप्प्यावर येतो. त्यांचं पहिलं ऑपरेशन, नॉरवुड, फार मोठं असतं, आणि ते सातत्याने करणारी केंद्रं देशात मोजकी आहेत. त्या पालकांपैकी काही जण ऑपरेशन न करता बाळाला त्रास होणार नाही एवढंच पाहायचा निर्णय घेतात. त्यांना कुणी दोष देऊ नये असं मला वाटतं. तुमच्या भाचीच्या बाबतीत मात्र मी पुढे जा असंच म्हणेन.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही: पहिला टप्पा आणि ग्लेन यांच्या मधले चार-सहा महिने. बाळ घरी असतं, फुप्फुसांचं रक्त एका बारीक नळीवर किंवा स्टेंटवर चालू असतं, आणि माझ्या मते तीन ऑपरेशनांहूनही हा काळ जास्त धोक्याचा. घरी नवजात बाळाच्या पायाला लावायचा प्रोब असलेला ऑक्सिमीटर घ्या. कोविडमध्ये घेतलेलं बोटाचं चिमट्याचं यंत्र बाळाला चालत नाही. पाय गार असेल तर चोळून ऊब आणा, मग मोजा. आणि दृष्टीचा टिळा लावायचाच असेल तर गालावर लावा, तळपायावर नको, प्रोब तिथे बसतो. बाळ शांत असताना आकडा ७५ च्या खाली राहिला तर फोनवर विचारत बसू नका, निघा. ९० च्या वर जाऊ लागला, श्वास जोरात चालू लागला, दूध पिताना दमायला लागली, तरी कळवा. रोजचं वजन एका वहीत लिहा. दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढ हवी. सलग तीन-चार दिवस वाढ नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, बाळ हसतं-खेळतं दिसत असलं तरी.

दूध आईचंच. बहीण आत्ता कळव्याहून रोज दूध काढून आणते असं तुम्ही लिहिलंय, तिला सांगा की ते सध्या औषधाइतकंच कामाचं आहे. घरी आल्यावर बाळ अर्ध्या तासात दमून झोपत असेल तर ओढून पाजू नका. वाटी-चमचा किंवा पलाड्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) द्या, गरज पडली तर नाकातल्या नळीने. नळी पाहून बायका हळहळतात, पण नळीवर वजन वाढलेलं बाळ ग्लेनला दणकट जातं. दुधात फोर्टिफायर (पोषण वाढवणारी पावडर) किती घालायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. घुटी, मध, वरचं पाणी काही नको. छातीवर टाके असतील तर सहा आठवडे छातीची मालीश बंद, आणि काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली.

जुलाब आणि उलट्या हे या बाळांचे खरे शत्रू. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि नळीत गुठळी होते. पावसाळ्यात आपल्या भागात पोटाच्या तक्रारी घरोघर असतात, म्हणून रोटाव्हायरसची लस वेळेवर द्या. बाकीच्या लसीही, ‘हृदयाचं बाळ आहे’ म्हणून पुढे ढकलू नका. दोनपेक्षा जास्त पातळ जुलाब झाले किंवा दोन वेळचं दूध उलटलं तर हॉस्पिटल. अ‍ॅस्पिरिनचा डोस चुकवू नका. बाळ सहा महिन्यांचं झालं की फ्लूची लस, आणि घरातल्यांनीही घ्या. अ‍ॅस्पिरिन चालू असताना फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर लगेच कळवा, कारण क्वचित पण गंभीर त्रास होऊ शकतो. आणि हिमोग्लोबिन: लॅबच्या कागदावर ११ किंवा १२ समोर ‘नॉर्मल’ छापलेलं असेल, पण निळ्या बाळाला ते कमी आहे. अशा बाळांना बहुधा लोह द्यावं लागतं.

आपल्याकडे एक गोष्ट वारंवार होते. पहिलं ऑपरेशन होतं, बाळ जरा गुलाबी दिसतं, रांगतं, चालतं, आणि मंडळी फॉलोअपला येणं बंद करतात. मग तीन वर्षांनी पोर पुन्हा गडद निळी होऊन येते, नखं फुगलेली, रक्त घट्ट, आणि फुप्फुसाच्या रोहिण्या हव्या तशा वाढलेल्या नाहीत. तेव्हा ग्लेन करता येईल की नाही इथूनच चर्चा सुरू होते. डिस्चार्जच्या कागदावर ग्लेनपूर्वीच्या तपासणीचा महिना लिहून मागा आणि तो घरातल्या कॅलेंडरवर टाका.

फॉन्टननंतर बहुसंख्य मुलं शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात. सॅच्युरेशन नव्वदीत येतं. पण हृदय ‘बरं झालं’ असं मी म्हणणार नाही. शिरांमधला दाब कायम चढा राहतो, त्याने वर्षानुवर्षं यकृत कडक होत जातं. काहींना ठोके अनियमित होतात, काहींच्या आतड्यातून प्रथिनं गळतात. मुलगी मोठी झाल्यावर गरोदरपणाबद्दल खास सल्ला लागेल. धावण्याच्या शर्यतीत ती मागे राहील, पण म्हणून तिला खेळाच्या तासाला बाकावर बसवू नका. पायांचे स्नायू मजबूत असतील तर शिरांतलं रक्त वर ढकलायला मदतच होते. दात स्वच्छ ठेवा, आणि दाताचं काही काम निघालं तर आधी अँटिबायोटिक लागेल का ते विचारा.

खर्चाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष बसतो. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाच्या कक्षात इकोचा रिपोर्ट आणि हॉस्पिटलचं अंदाजपत्रक घेऊन जा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून, जी आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. योजनेतल्या हॉस्पिटलात मदतीसाठी आरोग्यमित्र नावाचे कर्मचारी बसतात. शिधापत्रिका, आई-वडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला लागतो, म्हणून दाखल्यासाठी आजच अर्ज करा, बारशाची वाट बघू नका. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाचे उपचार विनामूल्य होतात, परळला वाडिया आणि केईएम आहेत. कुठेही जायचं झालं तरी आधी तिथल्या डॉक्टरांचं एनआयसीयूतल्या डॉक्टरांशी बोलणं होऊ द्या: ‘डक्टवर अवलंबून, प्रोस्टाग्लँडिन चालू, वजन इतकं.’ बेड पक्का झाल्याशिवाय बाळ हलवू नका. इकोचे नुसते कागद नकोत, व्हिडिओही पेनड्राइव्हवर मागून घ्या.

राहिला बहिणीच्या पुढच्या बाळाचा प्रश्न. घरात कुणी ग्रहणाचा विषय काढला असेल तर तो तिथेच मिटवा. हृदय गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांत बनतं, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. एका मुलाला असा दोष असेल तर पुढच्या मुलाला हृदयदोष असण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात दोन ते पाच, म्हणजे सर्वसाधारण घरापेक्षा जास्त, पण पंचाण्णवच्या वर बाळं ठीक. नात्यातलं लग्न असेल किंवा या बाळात इतर काही दोष आढळले तर जनुकीय तपासणी करून घ्या. पुढच्या खेपेला आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड, साखरेची तपासणी, आणि १८ ते २२ आठवड्यांत फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी. त्यात काही निघालं तर बाळंतपण अशा ठिकाणी ठरवता येतं जिथे एनआयसीयू आणि प्रोस्टाग्लँडिन दोन्ही हाताशी आहेत.